दारापर्यंतच्या दोन पट्ट्या

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

भवानी पेठ, सोलापूर
६ फेब्रुवारी १९७४

तीर्थरूप काशीअक्कास,
गुरुसिद्धप्पाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला, राग मानू नकोस. तुझे हुलगे आणि तिळाच्या वड्या गड्ड्याच्या जत्रेआधीच पोचल्या होत्या. पोचल्याचं कार्ड लगेच टाकायला हवं होतं. आणलंही होतं, ते कोनाड्यात पडून पिवळं झालं. लिहायला बसलो की मनात येई ते कार्डावर लिहिण्यासारखं नसे, कारण कार्ड पोस्टमनही वाचतो. म्हणून आज पाकीट घेतलं. महिपती मास्तर तुला हे वाचून दाखवतील. मास्तर, तुमच्यावर विश्वास आहे, पण यातलं काही मोडनिंबच्या चावडीवर निघू नये.

आमच्या घराची जागा तुला आठवत असेल. रस्त्यापासून घर बरंच आत, आणि मधली सगळी जमीन काळी माती. दसऱ्याच्या पावसात जावईबापूंची मोटार तिथं रुतली होती. अण्णाराव विजापूरला ओव्हरसियर आहेत. जुनी का होईना, फियाट घेतली आहे आणि तिला फार जपतात. शेजारीपाजारी लावून गाडी ढकलली, त्यांच्या पांढऱ्या पँटवर चिखल उडाला. त्यांनी हसून तो रुमालानं पुसला. पण तेव्हापासून सोलापुरात आले की गाडी ईश्वराकडं लागते. आपल्या धाकट्यानं होटगी रस्त्याला बंगला बांधला तेव्हा फाटकापासून पायरीपर्यंत सिमेंट करून घेतलं. मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान आहे त्याचं, त्याला शोभतं. गाडी तिथं लागते म्हणून सामान तिथं उतरतं. सामान तिथं म्हणून झोपणं तिथं. आणि माझी एकुलती एक लेक दाक्षायणी माझ्याकडं टांग्यानं येते, पाहुण्यासारखी.

गड्ड्याला आली तेव्हा तासभर बसली. निंगव्वानं शेंगापोळ्या केल्या होत्या. दाक्षायणी म्हणाली, "आई, पोट भरलंय की. काकूनं सोडलंच नाही." एक पोळी मोडून अर्धी खाल्ली. उरलेली अर्धी मी खाल्ली, पण ती मला गोड लागली नाही.

आता मुख्य गोष्ट. दाक्षायणीला दिवस गेले आहेत. भाद्रपदाच्या सुमाराला बाळंत होईल. हे ऐकून मी आनंदात होतो, तेवढ्यात ईश्वराची चन्नम्मा सगळ्यांसमोर म्हणाली, "बाळंतपणाला आमच्याकडंच ये गं. अडीनडीला गाडी दारात लागते. भावजींच्या दारात तर टांगेवाला पण आत यायला कुरकुरतो." पहिलं बाळंतपण आईबापाच्या घरी होतं, हे चन्नम्माला ठाऊक नाही का? मी अण्णारावांच्या तोंडाकडं बघितलं. ते म्हणाले, "बघू." जावयाच्या "बघू"चा अर्थ मला कळतो.

तेव्हापासून झोप नाही. डोळे मिटले की ईश्वराचा तो सिमेंटचा रस्ता दिसतो, नुकतंच पाणी मारल्यासारखा चकचकीत. त्याला लहानपणापासून सगळं मोठंच मिळत आलं. मोठी भाकरी तू त्यालाच द्यायचीस, आठव.

मी ठरवलं आहे, स्वतः रस्ता करणार. गवंड्याला द्यायला ऐपत नाही आणि सिमेंट परमिटशिवाय मिळत नाही, पण हातपाय आहेत. तुम्ही मंडळी दुष्काळात रस्त्याच्या कामावर होता. कसं करतात ते सविस्तर कळव. ईश्वराला यातलं अक्षर कळू देऊ नकोस.

तुझा
गुरुसिद्धप्पा

*

मोडनिंब
१५ फेब्रुवारी १९७४

चिरंजीव गुरुसिद्धास काशम्माचे अनेक आशीर्वाद.

मी सांगतीय आन् मास्तर लिवत्यात. मी बोलती तसंच लिवा म्हणून बजावलंय. मागल्या खेपेला त्यांनी माझ्या तोंडी "कुशल" घातलं होतं. तसलं मी बोलत न्हाय.

दाक्षायणीचं ऐकून लई बरं वाटलं. मोठ्या भाकरीचं म्हणशील तर ती ईश्वरा खात नव्हता, दारातल्या कुत्र्याला घालायचा. तू भाकरीकडं बघायचास, कुत्र्याकडं बघायचा न्हाईस.

आता रस्त्याचं. दुष्काळात मी आन् सून दोन सालं खडी फोडत होतो, तवा हे सांगायला मला कुणाला इचारायला नगं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळती आन् पावसात फुगती. तिच्यावर सोनं अंथरलंस तरी वर उचलून टाकती. आधी काळी उपसायची, पिवळा मुरूम लागंस्तवर. मग खाली मोठं दगूड, वर खडी, वर मुरूम, पाणी मारून धुमस करायची, आन् मग फरशी. चुन्यात बसीव.

पण सगळी वाट खोदशील तर मरशील. मोटार काय सगळ्या वाटंवरनं जाती व्हय? चाकाखाली तेवढं पक्कं असलं की झालं. आपल्या मळ्यात ओढ्याच्या उताराला तुझ्या दाजींनी फरशीच्या दोन पट्ट्या टाकल्या होत्या, बघितल्यास की तू. ते गेले, पट्ट्या हायेत. ऊस भरलेली गाडी जाती तरी हलत न्हाईत. तशा दोन पट्ट्या टाक, मधी गवत राहू दे. निम्मा खर्च आन् निम्मी कंबर.

माप तेवढं नीट घे. ईश्वराच्या अंगणात मोटारी उभ्या असत्यात, जाऊन सुतळी लावून ये.

त्याला मी कळवणार न्हाय. पण तुझ्या पोटात कसली आग पडलीय ती मला हितनं दिसती. लेकीसाठी वाट कर बाबा, भावाला दाखवायला करू नगंस.

काशम्मा

ता. क. वरील मजकूर सांगितला तसाच लिहिला आहे. चावडीची काळजी नसावी. – महिपती

*

सोलापूर
३ एप्रिल १९७४

तीर्थरूप अक्कास शिरसाष्टांग नमस्कार.

तू सांगितल्याप्रमाणे दोन पट्ट्यांचंच ठरवलं. एका बाजूची काळी माती उपसून झाली, दुसरी चालू आहे. गुडघाभर खाली मुरूम लागला. पलीकडच्या गल्लीत विहीर खोदतात, तिथला मुरूम आणि दगड त्यांना टाकायला जागा नव्हती, तो मी घमेल्यानं वाहून आणतो. शहाबादी फरशीच्या वखारीत फुटक्या तुकड्यांचा ढीग पडलेला असतो. वखारवाल्याला म्हटलं, "हे उचलून नेलं तर तुमची जागा मोकळी होईल." तो हसला, म्हणाला, "न्या मामा, पण रोज थोडं न्या, नाहीतर इथंच आडवे व्हाल."

निंगव्वाची साथ म्हणशील तर ती ओट्यावर बसून बोलते. "तुमच्या बापानं कधी कुदळ धरली होती का? सूत तोलून तोलून हात मऊ झालेत. उद्या दाक्षायणीच्या आधी तुम्हालाच बाजेवर निजवावं लागेल." पण संध्याकाळी कंबरेला तेल लावते.

गेल्या सोमवारी ईश्वरा आला. कधी नव्हे तो आला. स्कूटर रस्त्यावर लावून फाटकाशी उभा राहिला, आणि माझ्या अंगावर धोतराशिवाय काही नव्हतं.

"अण्णा, हे काय करतोस?"

मी म्हणालो, "तोंडली लावायचीत."

त्यानं दोन्ही चर बघितले, एक रस्त्यापासून पायरीपर्यंत सरळ गेलेला, दुसरा अर्ध्यावर आलेला. "एवढी तोंडली? मंडईत दुकान टाकणार का?"

मी कुदळ चालवत राहिलो. त्यानं फाटकाला हात टेकला. मग म्हणाला, "माझ्याकडं सिमेंटची काही पोती शिल्लक आहेत. पडून पडून दगड होतील. लागली तर सांग." त्याला सगळं कळलं होतं हे मला कळलं. मी म्हणालो, "तोंडल्याला सिमेंट लागत नाही." अक्का, त्याच्या सिमेंटवरून माझी लेक माझ्या घरी यायची असेल तर मग ती माझ्या घरी आली असं कसं म्हणायचं?

मापाचं तू लिहिलंस, पण ते माझ्याच्यानं होणार नाही. ईश्वराच्या अंगणात मी गुडघे टेकून मोटारीखाली सुतळी लावायची आणि चन्नम्मानं खिडकीतून विचारायचं, "भावजी, काय हरवलं?" त्यापेक्षा काम सोडून देईन. अण्णारावांना पत्रानं विचारता येईल, पण रस्ता पुरा झाल्याशिवाय त्यांच्या कानावर जाऊ नये असं वाटतं. आणि मी विचार केला आहे. चाकोरी एकच असते. बार्शी रस्त्याच्या कडेला बैलगाड्यांच्या चाकोऱ्या पडल्या आहेत, लॉऱ्यादेखील त्याच चाकोरीतून जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. चार चाकं काय आणि दोन काय. तेव्हा दाजींनी ओढ्याला टाकलेल्या पट्ट्यांचं माप सुतळीवर गाठी मारून पाठव.

आणखी एक. ईश्वराचं तुला काही पत्र आलं का?

तुझा
गुरुसिद्धप्पा

*

मोडनिंब
१४ एप्रिल १९७४

चिरंजीव गुरुसिद्धास आशीर्वाद.

पाकिटात सुतळी घातलीय. माझ्या पोराला, वीरभद्राला, ओढ्यावर धाडून माप घेतलं. दोन गाठी हायेत, एका पट्टीच्या मधापासनं दुसरीच्या मधापर्यंत. पण ही बैलगाडीची हाय. मोटारीचं मला ठावं न्हाय, मी कधी मोटारीखाली वाकून बघितलं न्हाय. तू म्हणतूस चाकोरी एकच, तर असंल. शिकलेला तू हायस, चौथी झालायस.

ईश्वराचं पत्र आलं का म्हणून इचारलंस. आलं. खोटं कशाला बोलू. त्यानं लिवलंय, "अण्णा माझ्याशी धड बोलत नाही. मी काय केलं ते कळत नाही. दाक्षायणीचं बाळंतपण आमच्या घरी होऊ दे असं तू अण्णाला सांग, तुझं तो ऐकतो." अजून एक लिवलंय. त्याच्या बैठकीच्या तुळईला कडी हाय, तुला ठावं हाय का? घर बांधलं तवा पाळण्यासाठी बसवून घेतली होती. इतकी वर्सं झाली, आता दिवाळीला चन्नम्मा तिला आकाशकंदील टांगती. हे त्यानं मला पहिल्यांदाच लिवलं. मास्तरांनी दोनदा वाचून दाखवलं.

तू त्याच्या रस्त्यावर जळतूस. त्याच्याकडं रस्ता हाय गुरुसिद्धा, त्याच्यावरनं घरात यायला कोण न्हाय.

मी त्याला अजून काय कळवलं न्हाय. तुमी दोघं भाऊ एका गावात ऱ्हाता आन् भांडायला मोडनिंबला येता.

काशम्मा

ता. क. सुतळीचं माप फक्त बैलगाडीचं आहे, हे मी माझ्यातर्फे पुन्हा लिहितो. – महिपती

*

सोलापूर
९ जून १९७४

तीर्थरूप अक्कास नमस्कार.

मध्यंतरी लिहिलं नाही. तुझं पत्र वाचून मला राग आला होता. ईश्वरा माझ्या पाठीमागं तुला पत्रं घालतो. मीही घालतो, पण मी मोठा आहे आणि मला कारण आहे. कडीचं वाचलं. मला ठाऊक नव्हतं. कडी वाईट वाटण्यासारखी आहे, पण कडी आहे म्हणून दुसऱ्याची लेक नेऊन बाळंत करायची का? माझ्या घराला तर पत्रा आहे, कडी लावायला तुळईच नाही. मग माझी कीव कोण करतो?

असो. रस्ता झाला. फाटकापासून पायरीपर्यंत फरशीच्या दोन पट्ट्या, मध्ये माती. आधी हातभर रुंद करणार होतो, पण फरशी पुरली नाही, म्हणून वीतभर रुंद केल्या. चाक तरी किती रुंद असतं? सांधे चुन्यानं भरले. लाइनदोरी बांधूनच बसवल्या, तरी उजवी पट्टी मधेच थोडी वाकली आहे. निंगव्वा म्हणते, तिथं मला ठसका लागला असेल. तिनं अनवाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून बघितलं आणि आत गेली. थोड्या वेळानं चहा आणून दिला. दोन्ही वेळचा चहा झाला होता, हा तिसरा.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. रद्दीवाल्याची हातगाडी आत बोलावून चालवून बघितली. एक चाक पट्टीवर राहिलं, दुसरं मातीत पडलं. तो म्हणाला, "मामा, रस्ता मोठ्या लोकांचा दिसतोय." मी म्हणालो, "हातगाडी म्हणजे मोटार नव्हे." बरोबरच आहे ना? हातगाडी लहानच असते.

अण्णारावांना कळवलं आहे की गाडी दारापर्यंत येते. त्यांचं उत्तर आलं, सातव्यात म्हणजे जुलैच्या आरंभी दाक्षायणीला घेऊन येतात. "आधी आपल्याकडे येतो, मग ठरवू" असं लिहिलं आहे. "आपल्याकडे" म्हणजे माझ्याकडं. ते पत्र मी उशाखाली ठेवलं आहे. चन्नम्मानं डोहाळजेवण आपल्या घरी ठेवायचं म्हणून निरोप धाडला होता. निंगव्वानं मला न विचारता हो म्हणून सांगितलं. जेवण तिथं होऊ दे. बाळंतपण इथं.

गुरुसिद्धप्पा

*

मोडनिंब
२० जून १९७४

चिरंजीव गुरुसिद्धास आशीर्वाद.

पेरणीची घाई हाय, थोडक्यात लिवायला सांगती. रस्ता झाला, चांगलं झालं. हातगाडीचं मात्र मला बरं दिसत न्हाय. अजून येळ हाय. ईश्वराकडं जा, त्याच्या अंगणात चहा पी, आन् येताना मोटारीला सुतळी लावून ये. चन्नम्मानं काय इचारलं तर सांग, माझी लाज हरवली होती ती सापडली. एवढ्यानं काय तुझी उंची कमी होत न्हाय.

काशम्मा

*

सोलापूर
१४ जुलै १९७४

तीर्थरूप अक्कास नमस्कार.

तू सांगितलंस तसं मी गेलो नाही. तेव्हा जे झालं ते लिहितो. मास्तरांनी हे सावकाश वाचावं आणि तू मधे बोलू नये.

अण्णाराव गेल्या रविवारी आले. आदल्या दिवशी पाऊस लागला होता. मी फाटक उघडून सकाळपासून उभा होतो. माझ्याआधी ईश्वरा येऊन रस्त्यावर स्कूटरला टेकून उभा. त्याला कुणी बोलावलं होतं कोण जाणे. फियाट वळली. अण्णारावांनी काच खाली करून पट्ट्या बघितल्या आणि म्हणाले, "वा मामा, तुम्ही केलं हे?" मला इतकं बरं वाटलं की मी ईश्वराकडं बघितलं. बघायला नको होतं.

उजवी दोन्ही चाकं पट्टीवर चढली. डावी चाकं दुसऱ्या पट्टीच्या आतल्या बाजूला मातीत उतरली आणि बसली. अण्णारावांनी गाडी मागं घेतली, डावी चाकं पट्टीवर घेतली, तर उजवी मातीत बसली. मग जोर दिला तशी गाडी एका कुशीवर कलली, जेवण जास्त झालेल्या माणसासारखी. आत माझी लेक, सातवा महिना. दाक्षायणीला हसू आवरेना. "अप्पा, अहो अप्पा," एवढंच म्हणत होती आणि दोन्ही हातांनी पोट धरून हसत होती. मी म्हणालो, "हसू नकोस, त्रास होईल." अण्णाराव उतरले. दोन्ही पट्ट्यांमधे उभे राहून त्यांनी पावलं टाकली. मला लागू नये अशा आवाजात म्हणाले, "मामा, हे बैलगाडीचं माप आहे."

ईश्वरा काही बोलला नाही, हे मला जास्त लागलं. धोतर खोचून चिखलात उतरला, गाडीला खांदा लावला. मी पण लावला. आमचे दोघांचे खांदे एकमेकांना लागत होते आणि मी सरकून घेत होतो. गाडी निघाली ती मागंच निघाली, रस्त्यावर.

दाक्षायणीला ईश्वराकडं नेलं. अण्णाराव म्हणाले, "राग मानू नका मामा. तिच्या जिवाचा प्रश्न आहे."  बाळंतपणात आई जवळ लागते, म्हणून निंगव्वानं लुगड्यांचं बोचकं बांधलं आणि तीही त्यांच्याबरोबर गेली. जाताना म्हणाली, "डब्यात भाकरी आहे. तिकडं या जेवायला." मी गेलो नाही. आता भाजी मी करतो, कधी खारट होते कधी अळणी. लेक गेली, बायको गेली, सगळी त्याच्या सिमेंटवर. शेजारची मुलं माझ्या पट्ट्यांवरून तोल सांभाळत पळतात. मी हाकलत नाही.

तुझा सुतळीचा तुकडा खिळ्याला टांगला आहे. तुझ्यावर राग नाही. तू लिहिलं होतंस.

गुरुसिद्धप्पा

*

मोडनिंब
६ ऑगस्ट १९७४

चिरंजीव गुरुसिद्धास आशीर्वाद.

तुझं पत्र ऐकून मी हसले, मग डोळं पुसलं. मास्तर पण हसले, ते लिवणार न्हाईत म्हणून मी सांगती.

आता ऐक. आपल्या आईची बाज माझ्याकडं हाय. हिच्यावर मी झाले, तू झालास, ईश्वरा झाला, आन् दाक्षायणी बी हिच्यावरच झाली, तवा निंगव्वाला माहेर उरलं नव्हतं म्हणून दाजींनी ती तुझ्याकडं आणून सोडली होती. दाक्षायणीचं बाळंतपण दुसऱ्या कसल्या पलंगावर व्हावं हे मला चालणार न्हाय. बाज नवीन सुंभानं विणून घेतलीय. एसटीवाला टपावर घेत न्हाय, म्हणून वीरभद्र गाडीत घालून निघतूय. संगट डिंक, खोबरं, अळीव आन् शेगडीला गोवऱ्या हायेत. माझं गुडघं येऊ देत न्हाईत.

ईश्वराला आधी इचारलं, तुझ्या दारात गाडी आणू का. त्यानं उत्तर धाडलं, अवश्य आणा, पण बैल फाटकाबाहेर सोडा, चाकाच्या लोखंडी धावेनं सिमेंटला चरे पडतील आन् बैलाचं पाय घसरतील, बाज आमी हातानं उचलून आत आणू. आता बघ. आपली आई म्हणायची, बाळंतिणीची बाज गाडीत घातली की उंबऱ्याशीच उतरायची, वाटंत मान्साच्या हातावरनं न्यायची न्हाय. रीत म्हंजे रीत. मग उंबऱ्यापर्यंत बैलगाडी जाईल असं सोलापुरात आपल्या कुणाचं घर हाय? एकाचंच हाय.

बाज जितं उतरंल तितं बाळंतपण. तसं मी दाक्षायणीला, जावयाला आन् ईश्वराला, तिघांला बी कळवलंय. नर्सबाईला घरी बोलवा, ती पायी येती, तिला मोटार लागत न्हाय.

ईश्वरावर दात खाऊ नगंस. त्याला पण त्याचं काईतरी मिळायला पायजे. आधी बाज उतरू दे.

काशम्मा

ता. क. ही रीत मी मोडनिंबात अन्य कोणाकडून ऐकलेली नाही. – महिपती

*

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर
७ सप्टेंबर १९७४

तीर्थरूप काशीअक्कास,
गुरुसिद्धप्पाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तार पोचली असेल. मुलगी झाली. दोघी खुशाल आहेत. मुलगी सावळी आहे, कपाळ आपल्या आईसारखं. चन्नम्मा म्हणते, दाक्षायणीच्या काकांवर, म्हणजे ईश्वरावर गेली आहे. काकांवर कशी जाईल?

बाजेचं आधीच लिहायला हवं होतं, पण घरात बाळंतीण आली की म्हाताऱ्याला वेळ राहत नाही. वीरभद्र आला त्या दिवशी माती ओलीच होती. मी फाटकात उभा होतो, आणि या खेपेला कुणाकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं. गाडी वळली. बैल मधल्या मातीतून, आणि दोन्ही चाकं पट्ट्यांवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. धाव फरशीवरून घासत जाते तो आवाज मी अजून ऐकतो. वीरभद्रानं कासराही ओढला नाही. उंबऱ्याशी बाज उतरली. मागून टांग्यानं दाक्षायणी आणि निंगव्वा आल्या, रस्त्यावर उतरल्या. माझी लेक उजव्या पट्टीवरून एक एक पाऊल टाकत चालत आली, वाकलेल्या जागी थांबून हसली, पायाला चिखल न लागता घरात शिरली.

ईश्वरा तिच्या मागं होता. दोन्ही पट्ट्यांकडं बघून म्हणाला, "अण्णा, माप बरोबर आहे की. त्या दिवशी गाडीच चुकीची आली होती." मला हसू आलं. ते मी खोकून काढलं.

बाळंत झाली त्या दुपारी मुसळधार पाऊस होता. नर्सबाई छत्री धरून पट्टीवरून आल्या, चपलेला चिखलसुद्धा लागला नाही असं त्यांनी स्वतः सांगितलं. मी ओट्यावर होतो. ईश्वरा पट्टीवर पावसात उभा. "वर ये" असं माझ्या तोंडून लवकर निघेना, आणि तो आपणहून येईना. शेवटी मी म्हणालो, "ओट्यावर ये, तोंडली वाहून गेली." तो आला. तेवढ्यात ताठ होऊन म्हणाला, "अण्णा, झालं." मला कमी ऐकू येतं हे तुला माहीत आहे. मुलीचा पहिला आवाज त्यानं ऐकला. आजोबा मी, आणि बातमी मला त्यानं दिली. हे मला अजून बरं वाटत नाही.

परवा तो सिमेंटची पोती घेऊन आला. न विचारता. खिशातून सुतळी काढली, गाठी मारलेली. म्हणाला, "फियाटचं माप आहे." डाव्या पट्टीच्या आतल्या बाजूला आम्ही दोघांनी मिळून तिसरी पट्टी घातली. आता बैलगाडीलाही वाट आहे आणि मोटारीलाही. त्याची पट्टी माझ्यापेक्षा सरळ झाली आहे. निंगव्वा हे येईल त्याला दाखवते.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. सिमेंट कालवता कालवता, खाली बघून तो म्हणाला, "अण्णा, बारशाला पाळणा कुठं टांगणार? तुझ्या पत्र्याला कडी नाही." मी म्हणालो, "बाजेला बांधू."  तो पाणी ओतत राहिला, सिमेंट पार पातळ झालं, पुन्हा कोरडं घालावं लागलं. मग म्हणाला, "चन्नम्मानं आकाशकंदिलाची दोरी काढून कडीला तेल लावून ठेवलंय. एका दिवसापुरतं." मी म्हणालो, "अक्काला विचारतो."

अक्का, रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. बारसं काकाकडं झालं असं लोक म्हणतील. पाळण्याची दोरी आधी कोण ओढणार, चन्नम्मा की निंगव्वा? मुलीला तिथला झोका गोड लागला आणि ती इथं रडू लागली तर? बारशाला अण्णाराव फियाट घेऊन येतील, आणि आता ती दारापर्यंत येते. रस्ता करताना हे माझ्या ध्यानात आलं नाही, की दारापर्यंत आलेली गाडी दारातून जातेसुद्धा.

हो म्हणायला माझी जीभ उचलत नाही. नाही म्हणायला गेलो तर ते पातळ झालेलं सिमेंट दिसतं. तू मोठी आहेस. तू लिहून पाठवलंस तर मला ऐकावंच लागेल, आणि मग मी हो म्हणालो असं होणार नाही. हवं तर रीत आहे म्हणून लिही. पहिला पाळणा आजोबाच्या भावाच्या घरी टांगायचा असं आपली आई म्हणायची, असं लिही. तू लिहिलंस की ती रीत होते. मास्तरांनी मात्र खाली काही लिहू नये.

पुढच्या रविवारी बारसं. पाकीट नसेल तर कार्डावर लिही, पोस्टमननं वाचलं तरी चालेल. मी फाटकातच असतो. तेवढं उत्तर लवकर धाड.

तुझा
गुरुसिद्धप्पा